टोरंटवर बंदी घालून वसतिगृहाचे नेट सुधारत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

अभियांत्रिकीच्या वसतिगृहांत टोरंटवर, म्हणजे एकमेकांच्या यंत्रांतून थेट फाइली घेण्या-देण्याच्या पद्धतीवर, सरसकट बंदी घाला, अशी मागणी करणारे एका पालकांचे पत्र आपल्या अंकात वाचले. रात्री साडेनऊनंतर मुलाला एनपीटीईएलचे (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सचे) व्याख्यान बघता येत नाही, घरी केलेला व्हिडिओ कॉल थिजतो आणि याला शेजारच्या खोल्यांतले ‘पिक्चर उतरवणारे’ जबाबदार आहेत, असे त्यांचे म्हणणे. निदान बऱ्याच अंशी बरोबर आहे. औषध मात्र चुकले आहे. ते आम्ही घेऊन पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

मी सातारा जिल्ह्यातील एका महाविद्यालयात नेटवर्क सांभाळते. पद सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरचे. प्रत्यक्षात प्राचार्यांच्या केबिनमधला प्रिंटर कागद ओढेनासा झाला तरी फोन मलाच येतो. आमच्याकडे ५०० एमबीपीएसची लीज्ड लाइन (फक्त कॉलेजसाठी भाड्याने घेतलेली नेटची जोडणी) आहे आणि दोन्ही वसतिगृहांत मिळून साधारण अकराशे मुले-मुली. सगळ्यांनी एकदम नेट ओढायचे ठरवले तर माणशी अर्धा एमबीपीएससुद्धा वाट्याला येत नाही. एरवी हे निभावते, कारण सगळे एकाच क्षणी काही मागत नाहीत. कोणी वाचत असतो, कोणी गप्पा मारत असतो, कोणी मेसमध्ये असतो. टोरंट हा हिशेब मोडते, कारण टोरंट जेवायला जात नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडेही वरून आदेश आला आणि मी फायरवॉलमध्ये, म्हणजे नेटच्या दारावरच्या पहारेकरी यंत्रात, ‘पीअर-टू-पीअर’ (यंत्रायंत्रांतली थेट देवाणघेवाण, टोरंट त्यातलेच) हा अख्खा प्रकार बंद करून टाकला. आठवडाभर आलेख छान खाली आला. संचालकांना तो दाखवूनही झाला. मग हळूहळू तो पूर्वीइतकाच वर चढला, फरक एवढाच की आता त्यात काय चालले आहे ते मला दिसेना. पोरांनी फुकटची व्हीपीएन ॲप टाकली होती, म्हणजे सगळी वाहतूक कुलूपबंद करून दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी. ती ॲप कोणाची, कुठल्या देशातली, माहितीचे काय करतात, कोणालाच ठाऊक नाही. आणि त्याच व्हीपीएनमधून मुले बँकेचे व्यवहारही करत होती. उलट कॉम्प्युटरच्या ज्या मुलीला उबुंटू या मुक्त लिनक्स प्रणालीची इमेज (ती बसवण्याची फाइल) त्यांच्या अधिकृत टोरंटवरून रीतसर घ्यायची होती, ती मात्र अर्ज घेऊन माझ्या दारात उभी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खरी अडचण कुठे असते, हे गेल्या ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी नीट दिसले. एका कंपनीची प्लेसमेंटची ऑनलाइन परीक्षा आमच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये चालू होती. कॅमेरा सुरू ठेवून द्यायची, दीड तासाची. विसाव्या मिनिटाला काही जणांची पाने अडकली, दोघांना तर परीक्षेतून बाहेरच टाकले गेले. प्लेसमेंटचे सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून घड्याळाकडे बघत होते, तोंडाने काही बोलत नव्हते, ते जास्त वाईट. मी लाइनचा आलेख उघडला तर ती जेमतेम निम्मी भरलेली! म्हणजे वेग कमी पडत नव्हता. मग सेशनची यादी लावली. कोणत्या यंत्राची बाहेरच्या जगाशी किती संभाषणे एकाच वेळी चालू आहेत, ते तिच्यात दिसते. साध्या लॅपटॉपची शंभर-दोनशे असतात. यादीत सगळ्यात वर वसतिगृहातला एक पत्ता होता, त्याची नऊ हजारांवर. फायरवॉल अशा प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवते, वसतिगृहाच्या गेटवरच्या रजिस्टरसारखी. नोंद झाल्याशिवाय कोणाला बाहेर सोडत नाही, आणि रजिस्टर भरले की दारात आलेला तसाच खोळंबतो. आमचे यंत्र जुने, त्याचे रजिस्टर लहान. तो पत्ता तोडला आणि मिनिटभरात परीक्षेची पाने हलू लागली.

मुलांच्या वसतिगृहात मला एकटीला जाता येत नाही, म्हणून रेक्टर सरांना बरोबर घेऊन गेले. दुसऱ्या वर्षाचा मुलगा. लॅपटॉप पलंगाखाली, झाकण मिटलेले, चार्जर लावलेला आणि आतला पंखा घुमतोय. झाकण मिटले तरी यंत्र झोपू नये अशी सोय त्याने करून ठेवली होती. “मॅडम, डाउनलोड तर चार दिवसांपूर्वीच संपलंय,” तो म्हणाला. थाप मारत नव्हता. त्याला खरेच तसे वाटत होते. मी त्याला पडद्यावरचा ‘अपलोडेड’चा रकाना दाखवला. गेम ६० जीबीचा. त्याच्या लॅपटॉपमधून बाहेर गेलेला डेटा ४०० जीबीच्या पुढे. शिवाय कुठल्याशा व्हिडिओत पाहून, स्पीड वाढतो म्हणून त्याने जोडण्यांची मर्यादाही काढून टाकली होती.

या मुलाला दोष देऊन काय उपयोग? टोरंट कसे चालते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट आणले ते मुळी याच कल्पनेवर की घेणाऱ्याने घेता घेताच दुसऱ्यालाही द्यावे. फाइलचे हजारो तुकडे होतात, आपल्याकडे आलेला तुकडा आपण लगेच पुढे देतो, आणि सगळी फाइल हाती आली तरी देणे चालूच राहते. त्याला सीडिंग म्हणतात. कल्पना फार सुंदर आहे, आणि मोठ्या फाइली एकाच सर्व्हरवर भार न टाकता जगभर पोचवायचा याहून स्वस्त मार्ग मला तरी माहीत नाही. पण घरच्या लाइनवर सीडिंग करणारा स्वतःच्या पैशाने दानधर्म करतो. वसतिगृहातला करतो तो अकराशे जणांच्या खिशातून.

तेव्हा चालवायचेच असेल तर आधी अपलोडला लगाम घाला. आमच्याकडे आता मुले बहुधा क्यूबिटटॉरेंट हा टोरंटचा प्रोग्रॅम वापरतात. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि वेगाच्या मर्यादा सहज सापडतात. मात्र एक गोष्ट हमखास चुकते. प्रोग्रॅममध्ये आकडा किलोबाइटचा असतो आणि कॉलेजची लाइन मोजतात मेगाबिटमध्ये. एका बाइटचे आठ बिट, म्हणून आठाने गुणायला हवे. ५०० लिहिले की मुलांना वाटते किती कमी, पण ते झाले ४ एमबीपीएस, म्हणजे गर्दीच्या वेळी आठ-नऊ जणांचा वाटा. अपलोडला ५० पुरेत. एकूण जोडण्या मुळात ५०० ठेवलेल्या असतात, त्या शंभरावर आणा. जेवढे घेतले तेवढे देऊन झाले की सीडिंग आपोआप थांबेल अशी सोय आहे, ती लावा. घेतले तेवढे दिले, यात अप्पलपोटेपणा काही नाही. वेळापत्रकही लावता येते. रात्री एक ते पहाटे सहा आमची लाइन ओस पडलेली असते, त्या वेळात खुशाल ओढा. आणि विंडोज सुरू होताच टोरंट सुरू होणे पहिल्यांदा बंद करा. निम्म्या वेळा मुलाच्या ध्यानीमनीही नसते आणि मागे ते चालू असते.

यूटीपी नावाची पद्धत चालू ठेवली तर वाटेत खोळंबा वाढू लागताच टोरंट स्वतःहून मागे सरते, हेही खरे. पण तिने वेगाची गर्दी कमी होते, सेशनची नाही. त्या संध्याकाळी ती असून नसून सारखीच होती.

वाय-फायचे दुखणे आणखी वेगळे. एका चॅनेलवर एका क्षणी एकच यंत्र बोलू शकते, बाकीचे गप्प बसून आपली पाळी येण्याची वाट बघतात. कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीतून, सिग्नलची एकच काडी असताना कोणी २० जीबी ओढत बसला तर त्याच्या संथपणाची शिक्षा त्या ॲक्सेस पॉइंटवरच्या (वाय-फायच्या डब्यावरच्या) सगळ्यांना मिळते. मोठे काम असेल तर खोलीतल्या भिंतीवरच्या लॅन पॉइंटला वायर लावा. आमच्या वसतिगृहात ते पॉइंट आहेत आणि बहुतेकांवर मुलांनी कॅलेंडर टांगले आहे.

आता कायद्याचे. पालकांनी ‘हे बेकायदा आहे’ एवढेच लिहिले आहे. टोरंट बेकायदा नाही. उबुंटू, डेबियन यांच्या संकेतस्थळांवर अधिकृत टोरंट ठेवलेली असतात. दुसऱ्याच्या मालकीचा सिनेमा, गेम, पुस्तक परवानगीविना वाटणे बेकायदा आहे, आणि टोरंटमध्ये घेणारा हा आपोआप वाटणाराही होतो, ही मेख मुलांच्या लक्षात येत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. टोरंटवर आपला आयपी पत्ता लपलेला नसतो. ती फाइल घेणाऱ्या प्रत्येकाला तो दिसतो. बाहेरच्या जगाला दिसतो तो पत्ता कॉलेजचा, त्यामुळे नोटीस येते ती कॉलेजला. पुढे आतला माणूस शोधणे अवघड नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवायचे असतात, आणि लॉगमध्ये कोणत्या लॉगिनवरून, किती वाजता, हे सगळे असते.

म्हणूनच मित्राला आपले वाय-फायचे लॉगिन देऊ नका, असे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना घसा कोरडा करून सांगते. तरीही एकाच मुलीचे लॉगिन एकाच रात्री मुलींच्या आणि मुलांच्या अशा दोन्ही वसतिगृहांत चालू असलेले मी पाहिले आहे. उद्या चौकशी झाली तर नाव त्या मुलीचे निघणार. मैत्रीखातर दिले, हे लॉगमध्ये लिहिलेले नसते.

पण सिनेमापेक्षा मला जास्त धास्ती वाटते ती ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरची, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरची. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी, प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायला चार दिवस उरलेले असताना लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. डिझाइनचे एक महागडे सॉफ्टवेअर तिने टोरंटवरून घेतले होते. सोबतच्या सूचनांमध्ये पहिलीच ओळ होती: आधी अँटिव्हायरस बंद करा. तिने केला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांचे कसलेसे शेपूट चिकटलेले, एकही फाइल उघडेना आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत दिलेत तर ४९०. या खंडणीखोर प्रोग्रॅमला ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ म्हणतात, आणि तो मुख्यतः अशा क्रॅकमधूनच पसरतो. ‘नो मोअर रॅन्सम’ या संकेतस्थळावर काही जुन्या प्रकारांची कुलपे उघडणारी साधने फुकट मिळतात. तिच्यावर आलेल्या प्रकाराला एकही लागू पडले नाही. रिपोर्टची प्रकरणे तिने गाइडना वेळोवेळी मेल केली होती, ती वाचली. ड्रॉइंग मात्र सगळी नव्याने काढावी लागली, रात्री जागून, आमच्याच लॅबमध्ये.

“पण मॅडम, टोरंट तर प्रत्येक तुकडा तपासून घेतं ना?” असे तिने विचारले होते. घेते. पण ज्याने फाइल टाकली, त्याची आणि आपली प्रत जुळते का, एवढेच ते तपासते. त्याने विष टाकले असेल तर विष जसेच्या तसे, एकही बिट न सांडता पोचते. अधिकृत संकेतस्थळावर छापलेला चेकसम (फाइलची ओळख पटवणारा अंकाक्षरांचा ठसा) आपल्या फाइलशी जुळवून पाहणे ही वेगळी गोष्ट, आणि ती करणारा मुलगा मला क्वचितच भेटतो. विंडोजमध्ये फाइलींची एक्स्टेन्शन (फाइलचा प्रकार सांगणारी नावाच्या शेवटची अक्षरे) लपवलेली असतात, तीही दिसतील असे करून घ्या. म्हणजे ‘लेक्चर’ म्हणून आलेल्या व्हिडिओच्या शेवटी ईएक्सई, म्हणजे व्हिडिओ नव्हे तर प्रोग्रॅम, असे लिहिलेले दिसेल आणि डबल क्लिक करण्याआधी हात थांबेल.

क्रॅकची गरज तरी किती जणांना खरी असते? ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना आपली सॉफ्टवेअर फुकट वापरायला देते. मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरची बरीचशी कामे ऑक्टेव्ह किंवा सायलॅब या फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतात. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प हीच मुक्त सॉफ्टवेअर महाविद्यालयांत रुजवण्याचे काम करतो, आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतून आहेत. आमच्या काही प्राध्यापकांनाच हे माहीत नाही, आणि वर्गात क्रॅकचे पेन ड्राइव्ह कोण फिरवते यावर मी इथे लिहीत नाही. मला याच कॉलेजात नोकरी करायची आहे.

खोल्या-खोल्यांत फोल्डर शेअर करण्याचेही सांगायला हवे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या एका भगदाडातून. मायक्रोसॉफ्टने त्याचे ठिगळ मार्चमध्येच दिले होते, ज्यांनी अपडेट टाळले ते अडकले. पण त्याहून रोजचा प्रकार म्हणजे अख्खा डी ड्राइव्ह ‘एव्हरीवन’ला उघडा टाकणे. सिनेमाचा एक फोल्डर द्यायचा असतो आणि पोरे सगळे घर उघडे ठेवतात. पहिल्या वर्षाच्या एका मुलाच्या ड्राइव्हमध्ये ‘स्कॉलरशिप डॉक्युमेंट्स’ नावाचा फोल्डर होता. आधार, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आईच्या पासबुकाचे पहिले पान, सगळे महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलसाठी स्कॅन केलेले. मजल्यावरच्या कोणालाही ते उचलता आले असते. द्यायचा तो एकच फोल्डर, तोही फक्त वाचण्यापुरता आणि पासवर्ड लावून द्यावा. मोबाइलवर शेअरइट आणि झेंडर ही फाइली पाठवायची ॲप चिनी ॲपवरच्या २९ जून २०२० च्या बंदीत गेली, तरी त्यांच्या एपीके (ॲप बसवण्याच्या फाइली) अजून हातोहात फिरतात. त्यापेक्षा लोकलसेंड घ्या. मुक्त स्रोत आहे, फोन आणि लॅपटॉप दोन्हींवर चालते आणि फाइल एका यंत्रातून थेट दुसऱ्यात जाते.

थोडे वाद ओढवून घेणारे मत मांडते. पूर्वी, नेट सावकाश असण्याच्या काळात, अनेक कॅम्पसांवर ‘डीसी प्लस प्लस’ हा आपसांत फाइली वाटण्याचा प्रोग्रॅम चालायचा. मूळ डायरेक्ट कनेक्ट १९९९ चे, डीसी प्लस प्लस २००१ चे. वसतिगृहातच एक हब, म्हणजे सगळ्यांना जोडणारे मधले यंत्र, सगळ्यांची शेअर केलेली यादी शोधता यायची आणि फाइल या खोलीतून त्या खोलीत जायची. त्यावर काय काय फिरायचे याचे समर्थन मी करणार नाही. पण नेटवर्कच्या दृष्टीने ते आजच्या प्रकारापेक्षा कितीतरी समंजस होते, कारण डेटा कॉलेजच्या फाटकाबाहेर जातच नसे. आतल्या स्विचवर एका वायरीला १ जीबीपीएस मिळतो. बाहेरच्या ५०० एमबीपीएसला धक्काही लागत नाही. आज शेजारच्या खोलीतली फाइल मुलगा परदेशातल्या दहा यंत्रांकडून मागवतो.

म्हणून बंदी उठवून आम्ही दोन गोष्टी केल्या. माणशी सेशनची मर्यादा घातली आणि संध्याकाळी सहा ते रात्री बारा माणशी वेगावर छत ठेवले. कोण काय उतरवतो हे न बघता, सगळ्यांना सारखे. आणि लॅबमधून काढलेल्या एका डेस्कटॉपमध्ये मोठ्या डिस्क घालून आतला सर्व्हर उभा केला. लिनक्सच्या इमेज, लिबरऑफिस, ऑक्टेव्ह, फ्रीकॅड, विभागांची व्याख्याने, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळे त्यावर. उबुंटूची नवी आवृत्ती आली की एकच प्रत रात्री टोरंटने येते, बाकीचे आतून घेतात. साधारण ६ जीबीची फाइल दीडशे मुलांनी स्वतंत्र ओढली तर ९०० जीबी होतात, म्हणजे आमची पूर्ण लाइन सलग चार तास दुसऱ्या कोणालाही न देता. आता ६ जीबीत भागते. तक्रारी संपल्या असे म्हणणार नाही. आयपीएलच्या दिवसांत अजूनही फोन येतात. पण व्हीपीएनचा पूर ओसरला, आणि काय चालले आहे ते मला पुन्हा दिसू लागले.

पत्र लिहिणाऱ्या पालकांना विनंती, मुलाच्या महाविद्यालयात गेलात तर ‘टोरंट बंद करा’ असे सांगण्याऐवजी माणशी सेशनची मर्यादा किती आहे आणि आतला सर्व्हर आहे का, हे विचारा. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही तर नेट सांभाळणाऱ्या माणसाला भेटा, कार्यालयाला नव्हे. आणि मुलाचे अडलेले एनपीटीईएलचे कोर्स उतरवून घेता येतात. आमच्या सर्व्हरवर बरेच आहेत, आसपासच्या महाविद्यालयांतली मुलेही येऊन नेतात. येताना रिकामी हार्ड डिस्क आणावी. आमच्याकडची जागा भरत आली आहे आणि नव्या डिस्कचा प्रस्ताव मार्चपासून खरेदी समितीकडे पडून आहे.

आपली,
एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर, सातारा जिल्हा
(कृपया नाव व महाविद्यालयाचा उल्लेख छापू नये.)